पित्ताची गोळी आणि अमेरिकेतला खटला

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरची गोष्ट. सांगोला तालुक्यात माण नदीच्या काठच्या एका गावात डाळिंबावरच्या तेल्या रोगाविषयी बैठक होती. मंदिराच्या ओसरीत चाळीसएक शेतकरी जमले होते. बोलणे झाले, प्रश्नोत्तरे झाली, चहा झाला आणि मंडळी आपापल्या वाटेने पांगली. एक आबा मात्र खांबाला टेकून तसेच बसून राहिले. सगळे गेल्यावर जवळ आले आणि हातातली कापडी पिशवी माझ्यापुढे उपडी केली. मला वाटले, रोगट फळे आणली असतील. निघाली ती गोळ्यांची पाकिटे. बरीचशी रिकामी, काही अर्धी, दोन-चार भरलेली.

"सायेब, धाकटा भाऊ बारा वर्सं हीच गोळी खात हुता. छातीत जळजळ व्हायची. मागल्या साली पोटाच्या कॅन्सरनं गेला. आता पोरगं मोबाईलवर दावतंय की ह्या गोळीनं कॅन्सर हुतो, अमेरिकेत कंपनीनं अठरा हजार कोट भरपाई दिली म्हणून. खरं हाय का?"

मी म्हटले, "आबा, खटले झाले आहेत एवढे मला ठाऊक आहे. बाकी वाचून सांगतो."

"अजून एक. तालुक्याला एक माणूस आलाय. फारम भरून अमेरिकेला धाडतो म्हणतोय. पाच हजार मागतोय. देऊ का?"

"माझे वाचून होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका," असे सांगून मी ती पाकिटे घेऊन आलो. मी शेतकी कॉलेजचा पदवीधर. डॉक्टर नव्हे आणि वकील तर मुळीच नव्हे. पण औषधाचा लॉट नंबर, मुदत, साठवण, नमुना तपासणी, अवशेषांची मर्यादा या गोष्टींत नोकरीची तीस वर्षे गेली आहेत, आणि हे सारे प्रकरण याच गोष्टींभोवती फिरते आहे. ओळखीच्या एका डॉक्टरांना बसवून विचारले, निकाल वाचले. जे हाती लागले ते आबांना सांगितलेच. पण अशी पाकिटे घरोघरी कणगीच्या मागे, देव्हाऱ्याच्या फळीवर पडलेली असणार, म्हणून इथेही लिहितो.

पहिल्यांदा गोळीविषयी. कीटकनाशकाचे तांत्रिक नाव एक असते आणि बाटलीवरची व्यापारी नावे पन्नास असतात, तसेच माणसांच्या औषधाचेही असते. या गोळीचे तांत्रिक नाव रॅनिटिडीन. पाकिटावर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेले असो, खाली बारीक अक्षरांत हे नाव असते. आपल्या जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात. हिस्टामीन नावाच्या द्रव्याचा निरोप मिळाला की त्या आम्ल सोडतात. रॅनिटिडीन हा निरोप पेशीपर्यंत पोचूच देत नाही. दाराला कडी घातल्यासारखे. आम्ल कमी होते, जळजळ थांबते, व्रण भरून येतो.

आज साधे वाटते, पण हे औषध आले तेव्हा तो मोठा शोध होता. त्याआधी पोटातला व्रण म्हणजे वर्षानुवर्षे पथ्य आणि शेवटी पोट फाडून शस्त्रक्रिया. १९७६ साली इंग्लंडमध्ये या जातीचे पहिले औषध, सिमेटिडीन, बाजारात आले. त्यामागच्या कामासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ग्लॅक्सो कंपनीने त्याच वाटेने जाऊन रॅनिटिडीन काढले आणि १९८१ साली झॅन्टॅक या नावाने विकायला आणले. १९८३ साली ते अमेरिकेत पोचले आणि पाच-सात वर्षांत जगात सर्वाधिक खपणारे औषध झाले. पुढे अमेरिकेत ते चिठ्ठीवाचून मिळू लागले आणि तिथला विक्रीचा हक्क या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिला. फायझर, बोहरिंगर इंगलहाइम, सानोफी अशी ती साखळी आहे. म्हणूनच खटले झाले तेव्हा एकीवर न होता सगळ्यांवर झाले. आपल्याकडे तर कितीतरी कंपन्या ही गोळी काढतात. स्वस्त आणि गुणकारी, म्हणून खेड्यापाड्यांत ती चांगलीच रुजली.

आता दोषाकडे येऊ. रॅनिटिडीनच्या रेणूच्या एका टोकाला डायमिथिल अमाईन नावाचा गट आहे आणि दुसऱ्या टोकाला नायट्रो गट. रेणू जुना झाला, तापला, फुटू लागला की ही दोन टोके मिळून एक निराळाच पदार्थ तयार होऊ शकतो. त्याचे नाव नायट्रोसो-डायमिथिल-अमाईन. सगळीकडे त्याला एनडीएमए म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा पदार्थ वाईट आहे याबद्दल दुमत नाही. १९५६ साली इंग्लंडमधल्या मॅगी आणि बार्न्स या शास्त्रज्ञांनी तो उंदरांच्या खाद्यात मिसळून दिला, तेव्हा त्यांच्या यकृतात गाठी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात 'बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात घातले आहे. पण हाच पदार्थ सूक्ष्म प्रमाणात धुरी दिलेल्या मासळीत, खारवलेल्या मांसात, बिअरमध्ये, कधी कधी पिण्याच्या पाण्यातही असतो. तेव्हा प्रश्न 'आहे की नाही' असा नसून 'किती' असा आहे. फवारणीच्या औषधाचे प्रमाण पंपाला किती घालायचे यावर भांडणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

किती, हे मोजायचे माप नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. अमेरिकी औषध प्रशासनाने ठरवलेली मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅमची. ती अशा हिशेबाने बसवली आहे की माणसाने सत्तर वर्षे रोज एवढा पदार्थ पोटात घेतला, तर लाखात एखाद्याला जादा कर्करोग व्हावा. म्हणजे मर्यादा फार सांभाळून ठेवलेली आहे. ती ओलांडली की माणूस आजारी पडलाच, असा तिचा अर्थ नव्हे.

२०१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातील व्हॅलिशुअर नावाच्या एका औषध दुकान-प्रयोगशाळेने सरकारकडे अर्ज केला की एकेका गोळीत आम्हाला तीस लाख नॅनोग्रॅमपेक्षा जास्त एनडीएमए सापडले. कुठे ९६ आणि कुठे तीस लाख! जगभर खळबळ माजली. पण त्यांच्या तपासणीच्या यंत्रात गोळीचा नमुना १३० अंश सेल्सियसपर्यंत तापवला जात होता. तापवल्यावर तर रेणू फुटणारच. जो दोष मोजायचा तो मोजण्यातच तयार होत होता. सरकारी प्रयोगशाळेने कमी उष्णतेची पद्धत वापरून पुन्हा मोजले, तेव्हा आकडे पुष्कळच खाली आले. भाजलेले किंवा धुरी दिलेले मांस खाल्ल्याने शरीरात जाते तेवढ्यापर्यंत, असे प्रशासनाने त्या वेळी सांगितले. माती परीक्षणाचा नमुना खताच्या ढिगाजवळून घेतला तर नत्र भरपूर निघते, त्यातलाच हा प्रकार. नमुना कसा घेतला आणि कसा तपासला हे विचारल्यावाचून आकड्यावर विश्वास ठेवू नये, असे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. ते इतक्या मोठ्या ठिकाणीही लागू पडले.

पण म्हणून सारे प्रकरण खोटे ठरले असे समजू नका. तपासणी पुढे चालू राहिली आणि असे दिसले की काही गोळ्यांतला हा दोष काळाबरोबर वाढतो, आणि नेहमीच्या तापमानापेक्षा जास्त उष्णतेत साठवल्या तर अधिकच वाढतो. कारखान्यातून बरी निघालेली गोळी गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत मर्यादेबाहेर गेलेली असू शकते. म्हणून १ एप्रिल २०२० रोजी अमेरिकी प्रशासनाने साऱ्या कंपन्यांना रॅनिटिडीन बाजारातून काढून घ्यायला सांगितले. ग्लॅक्सोने तर त्याआधीच, २०१९ च्या सप्टेंबरअखेर, आपला पुरवठा थांबवला होता. भारतात झिनेटॅक नावाने ती विकत होती, तोही त्यात आला.

आबांच्या पिशवीतली भरलेली पाकिटे पाहिली तेव्हा मला हे आठवले. मी विचारले, "या गोळ्या कुठे ठेवत होता?" "पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर," ते म्हणाले. पाकिटावर तर कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा असे छापलेले. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असते. पत्र्याखालचे मोजायचे धाडस मी अजून केलेले नाही.

खटले

अमेरिकेत अशा वेळी वकील दूरदर्शनवर जाहिरात देतात: 'तुम्ही हे औषध घेतले का? तुम्हाला कर्करोग झाला का? आम्हाला फोन करा.' फी आधी घेत नाहीत. निकाल लागला तर भरपाईतला वाटा घेतात. बऱ्याचदा तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. तिथल्या शेतकऱ्यांनी तणनाशकावरून जे खटले केले, ज्यांत बायर कंपनीने २०२० साली एक हजार कोटी डॉलरच्या वर रक्कम देऊ केली, तेही असेच उभे राहिले होते. रॅनिटिडीनच्या बाबतीत हजारो माणसे पुढे आली. कुणाला जठराचा, कुणाला मूत्राशयाचा, कुणाला यकृताचा कर्करोग.

केंद्रीय न्यायालयांतले दावे २०२० च्या फेब्रुवारीत फ्लोरिडा राज्यातल्या न्यायाधीश रॉबिन रोझेनबर्ग यांच्यापुढे एकत्र करण्यात आले. जठर, अन्ननलिका, यकृत, स्वादुपिंड आणि मूत्राशय असे पाच कर्करोग घेऊन वादी उभे राहिले. ६ डिसेंबर २०२२ रोजी न्यायाधीशबाईंनी ३४१ पानांचा निकाल दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: वादींनी आणलेल्या तज्ज्ञांची पद्धत भरवशाची नाही, आणि या खटल्याबाहेरच्या कोणाही शास्त्रज्ञाने रॅनिटिडीनने कर्करोग होतो असा निष्कर्ष काढलेला नाही. तज्ज्ञांची साक्षच बाद झाली, मग दावे उभे राहणार कशावर? तेही बाद झाले.

पण अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी. डेलावेअर नावाचे एक छोटे राज्य आहे. पण पुष्कळ कंपन्यांची नोंदणी तिथेच होते. तिथे सुमारे पंचाहत्तर हजार दावे दाखल झाले. तिथल्या न्यायाधीशांनी २०२४ च्या उन्हाळ्यात तेच तज्ज्ञ जूरीपुढे बोलू शकतात असे ठरवले. एका देशात, एकाच पुराव्यावर, दोन न्यायालयांत दोन निकाल! पुढे २०२५ च्या जुलैत डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला आणि तज्ज्ञांची पद्धत अधिक कसून तपासायला सांगितली. दरम्यान मे २०२४ मध्ये शिकागोत पहिला खटला जूरीपुढे चालला. एका वृद्ध बाईंचा, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा. जूरीने निकाल कंपन्यांच्या बाजूने दिला.

मग अठरा हजार कोटी आले कुठून? ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्लॅक्सोने, म्हणजे आताच्या जीएसकेने, जाहीर केले की राज्य न्यायालयांतले सुमारे ऐंशी हजार दावे मिटवण्यासाठी आम्ही २२० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देऊ. त्या वेळच्या भावाने ते साडेअठरा हजार कोटी रुपयांच्या आसपास होतात. व्हॅलिशुअरने केलेला वेगळा दावा मिटवायला आणखी सात कोटी डॉलर. पण दोष कबूल करत नाही, लांबलेल्या खटल्यांचा खर्च आणि अनिश्चितता टाळण्यासाठी हे करतो, असे कंपनीने त्याच वेळी स्पष्ट सांगितले. बांधाच्या वादात कोर्टाच्या खेपा घालून कंटाळलेला माणूस दोन गुंठे सोडून देतो, तेव्हा बांध त्याने कोरला होता असे सिद्ध होत नाही. आणि सरासरी काढली तर एका दाव्यामागे तेवीस लाख रुपयांच्या आसपास पडतात, त्यातून वकिलाचा वाटा जायचा. ज्याचा कर्ता माणूस गेला त्याच्या पदरात काय उरले ते तोच जाणे.

एक बाब मात्र मला कंपनीच्या बाजूने सोडून देता येत नाही. औषध बाजारात आले त्याच साली, १९८१ च्या ऑक्टोबरात, इटलीतल्या जिनोआचे शास्त्रज्ञ सिल्व्हिओ दे फ्लोरा यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून इशारा दिला होता की नायट्राइटच्या संगतीत या औषधापासून घातक पदार्थ बनू शकतात. ते जेवणाबरोबर घेऊ नये, नायट्राइट कमी असलेला आहार ठेवावा, किंवा जोडीला क जीवनसत्त्व द्यावे. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने कागदपत्रांनिशी छापले की १९८२ साली खुद्द ग्लॅक्सोच्याच एका शास्त्रज्ञाने प्रयोग करून, नायट्राइट भरपूर असताना, एनडीएमए तयार होताना पाहिले होते, आणि तो अहवाल तेव्हा अमेरिकी औषध प्रशासनाला दिला गेला नव्हता. प्रयोगातले नायट्राइटचे प्रमाण माणसाच्या पोटात कधीच नसते, असे कंपनी म्हणते. असेलही तसे. पण माझ्या खात्यात एखाद्या कंपनीने चाचणीचा प्रतिकूल अहवाल असा बाजूला ठेवला असता तर मी तिला परवान्यासाठी पुन्हा दारात उभे केले नसते. धोका होता की नव्हता हे ठरवायचे काम तपासणाऱ्यांचे. ते विकणाऱ्याने आपल्या मनाशी ठरवून टाकायचे नसते.

गोळीने रोग की रोगाने गोळी

आता आबांच्या खऱ्या प्रश्नाकडे. भावाला या गोळीने कॅन्सर झाला का?

मी त्यांना त्यांच्याच बागेतले उदाहरण दिले. कुठल्या बागेच्या बांधावर फवारणीच्या रिकाम्या बाटल्या सर्वांत जास्त दिसतात? जिथे तेल्या जास्त असतो तिथे. म्हणून कुणी पाहुणा म्हणाला की या बाटल्यांमुळेच तेल्या आला, तर तुम्ही हसाल. आधी डाग दिसला, मग फवारणी वाढली. जठराच्या कर्करोगाचेही असेच असते. गाठ मोठी होण्याच्या पुष्कळ आधीपासून पोटात जळजळ, मळमळ, जड वाटणे सुरू झालेले असू शकते. माणूस दुकानातून पित्ताची गोळी आणतो. बरे वाटते, पुन्हा आणतो. पुढे रोग निदानात येतो तेव्हा गोळ्यांचा ढीग जमलेला असतो. ढीग रोगाच्या आधीचा दिसतो, पण रोग ढिगाच्याही आधीचा असू शकतो.

मग खरे कसे काढायचे? फवारणी न केलेल्या बागेशी तुलना करून उपयोग नाही, कारण तिथे मुळात रोगच कमी. दोन्ही बागा रोगट हव्यात, फक्त औषध वेगळे हवे. शास्त्रज्ञांनी तेच केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोप, अमेरिका आणि आशियातल्या अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. एकीकडे रॅनिटिडीन घेणारे, दुसरीकडे त्याच जातीची दुसरी औषधे घेणारे. कर्करोगाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्याआधी २०२१ साली अठरा निरोगी माणसांना रॅनिटिडीन देऊन त्यांची लघवी तपासली होती. एनडीएमए वाढलेले दिसले नाही.

हे ऐकून आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी गोळीनं न्हाई गेला?"

मी म्हटले, "आबा, एका माणसाच्या बाबतीत हो किंवा नाही असे छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण गोळीमुळे गेला असे म्हणायला आधार दिसत नाही. मला वेगळीच गोष्ट सलते. बारा वर्षांत त्यांच्या पोटाची दुर्बिणीने तपासणी एकदा तरी झाली होती का?"

नव्हती झाली. डॉक्टरांची चिठ्ठीही पहिल्या महिन्याचीच होती. पुढची बारा वर्षे दुकानदार आणि रिकामे पाकीट.

ही गोष्ट माझ्या मते त्या साऱ्या खटल्यांहून मोठी आहे. पोटातल्या पुष्कळशा व्रणांचे मूळ एक जंतू आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी त्याचे नाव. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८४ साली त्या जंतूचे द्रावण स्वतः पिऊन आपले जठर सुजवून घेतले, तेव्हा जगाचा विश्वास बसू लागला. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. हाच जंतू वर्षानुवर्षे राहिला तर जठराच्या कर्करोगाचेही कारण होऊ शकतो. पित्ताची गोळी आम्ल कमी करते, जंतू मारत नाही. त्याला दोन आठवड्यांच्या आसपास वेगळी औषधे एकत्र घ्यावी लागतात आणि पोटातून तो जातोही. डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या माणसांना फार लागू आहे. पाठ-कंबर दुखते म्हणून सुगीत रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, उपाशीपोटी कोरा चहा आणि तंबाखू-मिश्री, एवढे जमले की पोट जळायला निराळे कारण लागत नाही.

काळी शौच, रक्ताची उलटी, अन्न गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, अंगात रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर गोळी बदलून पाहत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. दोन-तीन आठवडे रोज गोळी लागत असेल तरीही डॉक्टरांना दाखवा. रॅनिटिडीन चालू असेल तर घाबरून एकाएकी टाकूही नका, बदलून घ्या. फॅमोटिडीन हे त्याच जातीचे औषध आहे. त्यात आणि ओमेप्राझोलमध्ये अमेरिकी तपासणीला हा दोष सापडला नाही. कोणते तुम्हाला योग्य हे डॉक्टर सांगतील, मी नव्हे.

आपल्याकडे या गोळीवर बंदी घातली गेली नाही. २०१९ साली औषध महानियंत्रकांनी राज्यांमार्फत उत्पादकांना तपासणी करायला सांगितले. २०२२ च्या सप्टेंबरात आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून रॅनिटिडीन वगळले. आणि २०२५ च्या जुलैत राज्यांना पुन्हा कळवले की उत्पादकांकडून एनडीएमएवर नजर ठेवून घ्या; मुदत कमी करण्याचा आणि साठवणीचा विचार त्यात आहे. माझे म्हणणे, नुसता मुदतीचा विचार पुरणार नाही. मराठवाडा-विदर्भातल्या दुकानात आणि टेम्पोत मे महिन्यात किती तापमान असते ते कुणीतरी जाऊन मोजावे. बियाण्यांच्या गोदामात आम्ही मोजतो.

अमेरिकेतली भरपाई आबांना मिळणार नाही. ती तिथल्या न्यायालयांत आधीच दाखल झालेल्या दाव्यांची आहे. इथून फॉर्म भरून कुणाचे नाव त्यात जात नाही. पाच हजार घेणारा माणूस जो काही कागद भरत होता, तो त्याच्याच कामाचा. आपल्याकडे काही करता येते ते असे: कोणत्याही औषधाबद्दल संशय आला तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६ व्या कलमाखाली ते विकत घेणारा माणूस ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत जावे. सदोष मालाने नुकसान झाले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. शेतकरीही ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली आंध्रातल्या बियाण्यांच्या प्रकरणात सांगितले आहे. पण दोन्हीकडे पावती आणि लॉट नंबर लागतो. आबांच्या पिशवीत पस्तीस पाकिटे होती आणि पावती एकही नव्हती. कित्येकांवरचा लॉट नंबर कात्रीने कापून गेला होता, कारण दुकानदार दोन-दोन, चार-चार गोळ्या कापून देतो.

श्रावणात पुन्हा त्या गावाला गेलो तेव्हा आबा रस्त्यातच भेटले. त्यांची भावजय, म्हणजे धाकट्याची बायको, तीही याच गोळीवर होती आणि सहा महिन्यांत हडकली होती, हे त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलेच नव्हते. माझ्या बोलण्यानंतर ते तिला घेऊन दुर्बिणीच्या तपासणीला गेले. व्रण निघाला, जंतू निघाला, गाठ नाही. चौदा दिवसांच्या गोळ्या झाल्या आहेत, पुन्हा तपासायला बोलावले आहे.

"त्या फारमवाल्याचं पाच हजार दुर्बिणीला गेलं," आबा म्हणाले. "त्यो अजून फोन करतोय." मग बांधाकडे वळून त्यांनी विचारले, "सायेब, हस्ताचा बहार धरायचाय. ताण कवा तोडू?"